कवळीवाल्याचा कॅमेरा

तो कवळ्या बनवायचा. डॉक्टर नव्हता, पण अंगात पांढरा कोट असे, त्यामुळे लोक चुकून त्याला डॉक्टर म्हणत, आणि ती चूक दुरुस्त करायला तो जरा जास्तच वेळ लावायचा. हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. ही सगळी गोष्ट पुढे तोच सांगत सुटला, ज्याला त्याला, आणि सांगताना त्याने स्वतःला कुठेही पाठीशी घातलं नाही. म्हणून तर ती आपल्यापर्यंत आली.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एका खिडकीची लहानशी खोली होती. तिथे तो सव्वीस वर्षं बसत आला होता. डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीत पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायच्या. तो ठसा मागे आला की हा त्यात प्लास्टर ओतायचा, साचा काढायचा, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक, मग घासणं, मग पॉलिश. माणसं त्याला जबड्याजबड्यानेच माहीत होती. रस्त्यात कुणी हात केला तर हा ओशाळून उभा राहायचा, कोण ते आठवायचं नाही. समोरचा हसला की मात्र लखकन ओळख पटायची.

"अर्ध्या गावाच्या तोंडात माझा हात आहे," असं तो म्हणायचा. त्याची बायको म्हणायची, "आणि उरलेल्या अर्ध्यांच्या तोंडी तुमचं नाव नाही, हे बरंय."

घरात चौघं. तो, बायको, चौदा वर्षांची लेक आणि आई. आई सत्तरी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत. तिने उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांचे नंबर जोडत. त्या नोकरीतून तिने एकच गोष्ट घरी आणली, ती म्हणजे नकला. साहेब, साहेबांची बायको, कर्कश आवाजाचा वकील, कुणीही तिच्या तावडीतून सुटलं नव्हतं. हसायची तेव्हा तिचा डावीकडचा वरचा सुळा आधी बाहेर यायचा आणि हसू मागाहून. तो सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता, आणि समोरच्या एका दाताचा कोपरा तरुणपणी बाटलीचं झाकण उघडताना उडाला होता. तिच्या कवळीवाल्या मुलाला हे दोन दात वीस वर्षं खुपत होते.

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. घासून सरळ करून देतो."

"दहा मिनिटांत तुझं डोकं घासून घे," आई म्हणायची.

कॅमेऱ्याचा विषय निघाला तो बायकोमुळे. तेव्हा फोन फक्त बोलायला असत. शाळेतल्या बक्षीस समारंभात लेकीला धावण्याचा कप मिळाला आणि तिचा फोटो काढायला घरच्यांपैकी कुणाकडेच काही नव्हतं. घरी आल्यावर बायकोने कपाट उघडून सगळे फोटो टेबलावर ओतले.

"अहो, पोरगी चौदा वर्षांची झाली. तिचे फोटो किती आहेत, माहितीय? अकरा. त्यातले चार ओळखपत्राचे."

"मग?"

"मग एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्या. साधासा, आपल्या खिशाला झेपेल असा. घरात कुणालाही वापरता आला पाहिजे."

या वाक्यातलं 'कॅमेरा' तेवढं त्याच्या डोक्यात शिरलं. 'कुणालाही' हा शब्द कानावरून गेला.

पुढचे तीन आठवडे त्याने अभ्यास केला. पत्रकं आणली, वहीत रकाने आखले, मेगापिक्सेल आणि झूम यांचे आकडे पाठ केले. दातांचा रंग जुळवायला तो पुढच्या खोलीत जायचा, तेव्हा तोंडात मेण असलेल्या पेशंटना विचारायचा, "तुमच्याकडे कॅमेरा आहे का? कुठला?" ते बिचारे "अं, अं" करायचे आणि हा मान डोलवून वहीत काहीतरी लिहायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. "दादा, घेऊन टाका एकदाचा. माणसं गुदमरतील."

चौथ्या दुकानातल्या दुकानदाराने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काचेखालून एक चंदेरी, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढून समोर ठेवला.

"घरासाठी ना? हा घ्या. दोन पेन्सिल सेल घातले की झालं."

"यात प्रकाश किती आत घ्यायचा, ते कसं ठरवायचं?"

"ते त्याचं तो ठरवतो."

"आणि अंतर?"

"तेही तोच."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही बटण दाबायचं," दुकानदार म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सव्वीस वर्षं केसाएवढ्या फरकाशी झगडलेल्या माणसाला फक्त बटण दाबायला सांगणं हा त्याला अपमान वाटला. तरी त्याने तोच कॅमेरा घेतला, कारण तोच परवडत होता आणि शर्टाच्या खिशात मावत होता. घरी आल्याबरोबर त्याने जाहीर केलं, "नाजूक वस्तू आहे. मी पुस्तिका पूर्ण वाचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." पुस्तिका चौदा भाषांत होती आणि त्यातली त्याला येणारी भाषा एकच. ती चार पानं त्याने दीड दिवस वाचली. नंतरही कुणी हात लावायचा नाही हा नियम तसाच राहिला, कारण तो उठवायचं त्याला सुचलंच नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर कॅमेऱ्याने तारीख विचारली होती. 'नंतर बघू' म्हणून त्याने ते पान बंद केलं. त्यामुळे पुढचे आठ महिने प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत एक जानेवारी उमटत राहिली. त्या फोटोंच्या हिशेबाने त्याची लेक एकाच दिवसात दोन इंच वाढली, तीन वेळा आजारी पडली आणि सात वेळा शाळेत गेली.

फोटो काढण्याची त्याची तऱ्हा सांगण्यासारखी होती. आधी तो म्हणायचा, "थांबा." मग एक गुडघा वाकवायचा, मागचा भाग बाहेर काढायचा आणि एक डोळा मिटायचा. खरं तर कॅमेऱ्याला मागे चांगला दोन इंचाचा पडदा होता, डोळा मिटायची काही गरज नव्हती. मग जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मग बटण अर्धं दाबून हिरवी चौकट यायची वाट बघायची. ती आली की पुन्हा, "थांबा." मग मेणावर दात सरकवावेत तशी तो माणसं सरकवायचा. "तू जरा डावीकडे. आई, मान खाली. अगं, तू पुढे आलीस, रांगेत राहा." आणि सगळं जुळलं की शेवटचा हुकूम, "आता ओठ मिटा."

हा हुकूम का, असं एकदा लेकीने विचारलं होतं.

"दिवसभर दातच बघतो मी. घरी तरी नकोत."

बटण पूर्ण दाबल्यावरही तो कॅमेरा क्षणभर विचार करायचा आणि मग फ्लॅश उडवायचा. तोवर कुणाची तरी पापणी मिटलेली असायची. अशा रीतीने दोन वर्षांत त्याने दोन हजारांवर फोटो काढले. त्यातली घरची माणसं निकाल ऐकायला उभी असल्यासारखी दिसायची. पाहुणे आले की तो संगणक लावून एकेक दाखवायचा, आणि पाहुण्यांना आठवायचं की आपल्याला लवकर निघायचंय.

मग आईच्या हिरड्या सुजल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की वरचे दात सगळे हलताहेत, काढावेच लागतील. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाई त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, काढायच्या आधी एक ठसा घेऊन ठेवू. पुढे दात लावताना तुम्हाला उपयोगी पडेल."

इथे त्याने जे उत्तर दिलं, ते सांगताना तो आजही स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतो.

"कशाला? आईचे दात मला पाठ आहेत."

खरं सांगायचं तर मनात वेगळंच होतं. वीस वर्षं जे करायला मिळालं नाही, ते आता करता येणार होतं. आईला तो सरळ, एकसारखे, मोत्यांच्या सरीसारखे दात देणार होता. त्यासाठी एक उंची संच त्याने खणात जपूनही ठेवला होता.

दात निघाले. हिरड्या भरून यायला तीन महिने लागले. आई पेज आणि सूप यांवर राहिली, तिच्या बोलण्यात फसफस यायला लागली, आणि शेजारच्या शिंपीणबाईंकडे रोज दुपारी गप्पांना जायची ती जाईना. "ही फुगा फुटल्यासारखी भाषा घेऊन कुठे जाऊ?" असं म्हणायची. तो म्हणायचा, "थोडे दिवस. असे दात देतो की बघत राहशील."

आणि तसंच झालं. नवी कवळी बसवल्यावर आई हातातल्या आरशात बराच वेळ बघत राहिली.

"कशी आहे?"

"छान आहे."

"मग बोल की काहीतरी."

"कुणाची आहे?" आईने विचारलं.

तो हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली. पण आई कवळी फक्त जेवायला घालू लागली. जेवण झालं की डबीत. बाकी वेळ ओठ मिटलेले. नकला बंद. बायकोने एकदा खोदून विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "आरशात बघितलं की वाटतं, विमा विकायला कुणी बाई आलीय. इतकी गोड हसते मेली, की दार लावून घ्यावंसं वाटतं."

बायकोने ते त्याला जसंच्या तसं ऐकवलं. वर म्हणाली, "अहो, त्यांना त्यांचेच दात हवेत. तो वाकडासुद्धा."

"वाकडा? मुद्दाम?"

"मुद्दाम."

कारागिराच्या मानाला ते झोंबलं, पण तो दुसऱ्या कवळीला लागला. पाठ होतेच दात. मेणावर वाकडा सुळा बसवला आणि आईच्या तोंडात लावून बघितला. आईने आरसा बघून बोट उचललं.

"डावीकडे होता रे. हा उजवीकडे लावलास."

त्याने डावीकडे लावला.

"आता मी चावायला आल्यासारखी दिसते."

त्याने टोक आणखी बाहेर वळवलं, मग वर चढवलं. प्रत्येक वेळी आई मान हलवायची. चौथ्या खेपेला तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "जाऊ दे. पहिलीच घालीन मी. जेवण जातंय ना?"

तो मागच्या खोलीत येऊन बसला. सत्तेचाळीस वर्षं जे तोंड समोर होतं, ज्या तोंडाने त्याला बोलायला शिकवलं, चारचौघांत झापलं, त्या तोंडातला एक दात त्याला आठवत नव्हता. अनोळखी माणसांच्या दाढांचे खड्डे मात्र वर्षानुवर्षं ध्यानात होते. आपण किती हुशार आहोत, याचा असा सविस्तर हिशेब त्याने आजवर कधी मांडला नव्हता.

मग त्याला एकदम फोटो आठवले. दोन हजार फोटो! आनंदाने तो जवळजवळ पळतच घरी आला. रविवारची सकाळ होती. संगणक लावला, वही घेतली आणि पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. आई एकंदर त्रेसष्ट फोटोंत होती. गच्चीवर, जिन्यात, बागेतल्या बाकावर, लेकीच्या वाढदिवसाला, खुर्चीत, खुर्चीशेजारी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटोंत ओठ मिटलेले. एका फोटोत ते उघडायच्या बेतात होते, पण त्यात त्याचं स्वतःचं बोट भिंगावर आलं होतं. दुपारी जेवायची हाक आली तेव्हा तो गुलाबी धुक्यासारख्या त्या बोटाकडे बघत बसला होता.

"बाबा, काय शोधताय?" लेक मागे येऊन उभी होती.

"आजीचा हसतानाचा फोटो."

"तुमच्यात नाही मिळणार."

"ते दिसतंय मला."

ती जरा घुटमळली. पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. "रागावणार नसाल तर एक सांगते."

"सांग."

ती आतून कंपासपेटी घेऊन आली. पट्टी आणि गुण्याच्या खाली, कागदात गुंडाळलेलं एक मेमरी कार्ड होतं. तिच्या मामाने दिलेलं.

"तुम्ही आंघोळीला गेलात की आम्ही कॅमेरा घ्यायचो," ती म्हणाली. "मग तुमचं कार्ड परत घालून होतं तसं ठेवायचो. मनगटाची दोरीसुद्धा तशीच गुंडाळून."

"कधीपासून?"

"तुम्ही पुस्तिका वाचत होतात ना, त्या दुसऱ्या दिवसापासून."

त्याच्या आंघोळीला पंचवीस मिनिटं लागायची. दोन वर्षं, रोज पंचवीस मिनिटं, त्याच्या घरात एक वेगळाच फोटोग्राफर काम करत होता.

त्याने कार्ड लावलं. फोटो तिरके होते, हललेले होते, कुठे खिडकीचा उजेड सगळं खाऊन टाकत होता, कुठे अर्ध्या चित्रात कुणाचं तरी कोपर. एकही माणूस रांगेत नव्हता. बायको ओले केस झटकत होती, आई चहात बिस्किट बुडवताना ते तुटून पडल्यावर "हात्तिच्या" म्हणत होती, तेही जणू ऐकू येत होतं. आणि सगळे दात काढत होते. तो दचकला. आपल्या बायकोच्या खालच्या दातांत इतकी गोड फट आहे, हे त्याला माहीतच नव्हतं!

मग तो फोटो आला. आई खोलीच्या मधोमध उभी होती. हातातलं चष्म्याचं घर तिने डोळ्यासमोर धरलं होतं. एक गुडघा वाकलेला. मागचा भाग बाहेर. एक डोळा मिटलेला. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मागे बायको भिंतीला टेकून पोट धरून बसली होती.

त्याने पुढचा फोटो लावला. आईचा एक हात आता हवेत होता, समोरच्यांना डावीकडे सरकवणारा.

"हे... हा मी आहे?"

"हो," लेक म्हणाली.

"मी असा दिसतो?"

"आजी जरा कमीच करते."

बायको हात पुसत आत आली, पडद्याकडे पाहिलं आणि आल्या पावली परत फिरायला लागली. "थांब," तो म्हणाला, आणि त्या शब्दासरशी दोघींना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात दाबले, पण काही उपयोग झाला नाही.

तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि पेलाभर पाणी प्यायला. कान गरम झाले होते. अंगाला साबण लावताना बाहेरून हसण्याचे आवाज यायचे, ते त्याला आठवले. रेडिओ लागलाय असं त्याला वाटायचं. एकदा तर त्याने आतून ओरडून आवाज मोठा करायला सांगितलं होतं, कार्यक्रम चांगला वाटतोय म्हणून. हे आठवलं आणि तोंडातलं पाणी नाकातून आलं. ठसका लागला. ठसक्यातच तो हसायला लागला, आणि आपण रागावायला आत आलो होतो हे विसरून गेला.

परत येऊन त्याने पुढचा फोटो लावला. त्यात नकलेच्या मध्येच आईचं तिलाच हसू फुटलं होतं. चष्म्याचं घर खाली, मान मागे, तोंड दाढांपर्यंत उघडं. खिडकीचा उजेड बाजूने पडला होता आणि वरची सगळी रांग लख्ख दिसत होती. त्याने फोटो मोठा केला. सुळा शेजारच्या दातावर चढला होता खरा, पण टोक बाहेर नव्हतं, किंचित आत वळलेलं होतं, लाजून मान वळवावी तसं. तो ते चारही वेळा चुकला होता.

"बाजूने काढलेला आहे का एखादा?" त्याने विचारलं. आवाज कामाचा झाला होता.

"सहा आहेत."

"तू 'थांबा' म्हणत नाहीस?"

"नाही."

"मग लोक नीट उभे कसे राहतात?"

"राहतच नाहीत," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने ते फोटो मोठे छापून आणले आणि कामाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवले. त्यात नकलेचाही एक होता. तो चुकून आला, असं तो सांगतो. डॉक्टरीणबाई काहीतरी विचारायला आत आल्या, भिंतीकडे बघितलं आणि टाळी वाजवली. "अरे! हे तर तुम्ही!" दवाखान्याच्या वाढदिवशी त्याने त्यांचा एकच फोटो काढला होता. तेवढ्यावरून त्याची तऱ्हा त्यांच्या ध्यानात राहिली होती.

त्या कवळीला बारा दिवस लागले. सुळ्याचं वळण साधेपर्यंत नऊ दात वाया गेले. खरी परीक्षा होती ती समोरच्या दाताचा कोपरा उडवायची. अठ्ठावीस वर्षं त्याने तुटके कोपरे भरले होते, आणि आता चांगल्या, गुळगुळीत दातावर गिरमिट चालवायचं म्हणजे हात धजेना. तीनदा मशीन चालू करून बंद केलं. शेवटी भिंतीवरच्या त्या हसणाऱ्या बाईकडे बघत त्याने टवका उडवला आणि मग लहान मुलाला दुखवल्यासारखा बराच वेळ तो दात बोटाने चोळत राहिला.

आई खुर्चीत बसली, गळ्याला दवाखान्याचा कागदी रुमाल. कवळी आत गेली. आरसा हातात. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. ओठ बोटाने उचलून बघितला. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या.

"चहाचा डाग विसरलास," ती म्हणाली.

"कुठला डाग?"

"दोन दातांच्या मध्ये होता. तपकिरी. नीट बघ फोटोत."

त्याने फोटो आणून नीट बघितला. होता. तो मागे जाऊन रंगाची बारीक कुंचली घेऊन बसला आणि डाग घालून आला. आईने पुन्हा आरसा घेतला. यावेळी तिने जिभेचं टोक सुळ्यावरून फिरवलं, घरी परतलेल्या माणसाने दाराची कडी चाचपावी तसं.

"आता जरा हसून दाखव," तो म्हणाला. "हसताना सुटते की काय, बघायला हवं."

"असं कुणी सांगून हसतं का?"

त्याने खिशातून आपलं चष्म्याचं घर काढलं आणि तिच्या हातात दिलं. "कर माझी नक्कल."

आईने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने ज्याच्या त्याच्या नकला ज्याच्या त्याच्या माघारी केल्या होत्या. समोर करायची ही पहिलीच वेळ. मग ती खुर्चीतून उतरली, कागदी रुमाल गळ्यात तसाच, एक गुडघा वाकवला, मागचा भाग बाहेर काढला, आणि घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "थांबा! डॉक्टरीणबाई, तुम्ही जरा डावीकडे. मान खाली. ओठ मिटा." डॉक्टरीणबाईंनी भिंतीचा आधार घेतला. तोही हसायला लागला, आणि त्याला हसताना बघून आईला हसू आवरेना. आधी सुळा बाहेर आला, मग बाकीचं. कवळी जागची हलली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं होतं असं तो सांगतो. आपण ते मान्य करू.

कॅमेरा तेव्हापासून लेकीकडे गेला. रविवारी अर्धा तास तो त्याला मिळतो, पण गुडघा वाकवायचा नाही, या अटीवर.

एवढं सगळं केल्यावर माणसाला वाटतं, कुणीतरी दोन शब्द बोलावेत. नवी कवळी घालून आई दुसऱ्याच दिवशी शिंपीणबाईंकडे गेली. दोन तासांनी परत आली, तर हा दारातच.

"काय म्हणाल्या?"

"कशाबद्दल?"

"दातांबद्दल!"

"काही नाही. त्यांच्या सुनेचं सांगत होत्या."

त्याला चैन पडेना. एक पॅन्ट हातात घेऊन, ती लांब पडतेय अशी सबब काढून तो स्वतःच शिंपीणबाईंकडे गेला. त्या तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी बाहीला दुमड घालत होत्या.

"आई आली होती ना? कशी वाटली?"

"चांगली होती की," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या.

"काही वेगळं वाटलं का? चेहऱ्यात वगैरे?"

त्या थांबल्या. टाचण्या काढून हातात घेतल्या आणि विचार केला. त्याने श्वास रोखून धरला.

"हो, वाटलं खरं," त्या म्हणाल्या. "केस कापलेत का त्यांनी?"

तो "असेल, असेल" म्हणाला. मग आलोच आहोत तर काहीतरी द्यायला हवं म्हणून पॅन्ट त्यांच्या हातात ठेवली, आणि त्यांनी किती कमी करायची विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून "दोन इंच" निघून गेलं. ती पॅन्ट तो अजून वापरतो. घोट्याच्या वर येते.